फुटाळ्याचं आभाळ, काठावरची बाभूळ आणि एका फोटोतले तीन फोटो

"भाऊ, एकच फोटू तीन-तीनदा काहून काढून राहिले?"

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टे भाजणाऱ्या दादांचा हा प्रश्न. जुलैतली संध्याकाळ होती. दुपारी दणकून पाऊस होऊन गेलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि समोर पाण्यापलीकडे ढगांच्या कडा पेटलेल्या. मी कट्ट्यावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला होता. (ट्रायपॉड घरी राहिला होता. खरं सांगायचं तर माझ्या स्वस्तातल्या ट्रायपॉडपेक्षा तांदूळच स्थिर बसतात.) खट, खट, खट. चौकट तीच, पण एक फोटो काळपट, एक मधला, एक पांढराफटक. दादांना वाटलं कॅमेरा बिघडला.

"एकात आभाळ घेतलं, एकात पाणी, एकात हे दगड. घरी जाऊन जोडतो," मी म्हटलं.

"मंग एकातच काहून नाही येत? मले तर सगळं एकदमच दिसून राहिलं."

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता, आणि तिथे उभ्या उभ्या मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

आपल्याला सगळं एकदम दिसतं हा भास आहे. ढगाकडे बघताना बाहुली आकसते, दगडांकडे नजर वळली की मोठी होते, आणि मेंदू हे सगळे तुकडे न सांगता शिवून ठेवतो. कॅमेऱ्याला मात्र शटर उघडं असेल तेवढ्या वेळात, एकाच मापाने, सगळं उचलावं लागतं. आभाळाचं माप धरलं तर दगड काळे ठिक्कर, दगडांचं धरलं तर आभाळ कोऱ्या कागदासारखं.

हे माप स्टॉपमध्ये मोजतात. स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, बाकी काही नाही. त्या दिवशी आभाळाला १/५०० सेकंद बरोबर बसत होतं आणि काठाला १/३०. पाचशेवरून अडीचशे, सव्वाशे, साठ, तीस असे चार स्टॉप झाले, म्हणजे १६ पट फरक. आता कुणी जाणकार म्हणेल, आजकालचे सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) बारा-चौदा स्टॉप पकडतात, मग चाराचं काय एवढं? पण हा फरक सरासरीचा आहे. आभाळातच सूर्याजवळची कड बाकीच्या ढगांपेक्षा कितीतरी उजळ असते आणि दगडांच्या सांदीतला अंधार दगडांच्या खूप खाली. टोकापासून टोकापर्यंत मोजलं की कॅमेऱ्याचं पोतं अपुरं पडतं.

त्यातही एक उपाय आहे, आणि पुष्कळदा तोच पुरतो: एकच रॉ फोटो आभाळाच्या मापाने काढायचा आणि घरी सावल्या उचलायच्या. रॉ म्हणजे सेन्सरने जे मोजलं ते जवळपास जसंच्या तसं. जेपीजीमध्ये, म्हणजे कॅमेरा किंवा मोबाइल नेहमी देतो त्या तयार फोटोत, प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण या पायऱ्यांची वाटणी भलतीच असमान असते. सगळ्यात उजळ एका स्टॉपला निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, आणि असं निम्मं निम्मं होत सहाव्या स्टॉपला उरतात २५६. सावल्यांच्या वाट्याला उष्टं-माष्टंच येतं.

दुसरी अडचण खुद्द प्रकाशाची. अंगणात शंभर वाट्या मांडून भुरभुर पावसात एक सेकंद ठेवल्या तर कुणात दोन थेंब पडतील, कुणात पाच, एखादी कोरडीच राहील. मिनिटभर ठेवल्या तर सगळ्या साधारण सारख्या भरतील. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने पडतो, आणि काळोख्या भागात सेन्सरच्या वाट्या अर्धवट भरतात. तो फोटो संगणकावर उजळवला की दगडांवर रव्यासारखे दाणे दिसतात. त्यालाच नॉइज म्हणायचं. प्रकाश १६ पट घेतला तर दाणे १६ पट नाही, चार पटींनी कमी होतात, कारण गणित वर्गमूळाचं आहे. पण ते चार पटही डोळ्यांना चांगलेच जाणवतात. दगडांसाठी वेगळा, जास्त वेळ उघडा ठेवलेला फोटो काढायचा तो एवढ्यासाठी.

काढतानाची शिस्त थोडकीच आहे. लेन्सचं छिद्र तेच, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती हळवा ठेवायचा तो आकडा) तोच, फोकस हाताने एकदा लावून तसाच, व्हाइट बॅलन्सही, म्हणजे रंगांचा पिवळट-निळसर तोल, ठरलेला. बदलायचा फक्त शटरचा वेळ. छिद्र बदललं तर जवळचं-दूरचं किती स्पष्ट येतं ते बदलतं आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंग नावाची सोय असते, ती उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप असे तीन फोटो आपोआप काढते. नसेल तर चाक हाताने फिरवा. मोबाइलवाल्यांसाठी ओपन कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे, बऱ्याच फोनवर त्यातून हे ब्रॅकेटिंग जमतं. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

ऑटो आयएसओ आधी बंद करा. मी एकदा अंबाझरीच्या बांधावर अख्खी संध्याकाळ यात घालवली. शटर इमानदारीने फिरवत होतो आणि कॅमेरा तितक्याच इमानदारीने आयएसओ कमी-जास्त करून सगळं पुन्हा सारखं करत होता. घरी येऊन पाहिलं तर चाळीस फोटो, सगळे एकाच उजेडाचे.

आता जोडणी. हे काही संगणकाच्या काळातलं खूळ नाही. १८५६-५७ च्या सुमारास ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला भलत्याच हळव्या असत, त्यामुळे समुद्र नीट आला की आभाळ जळून जाई. त्याने आभाळाची एक निगेटिव्ह घेतली, समुद्राची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडून एक छाप काढली. समुद्राचं क्षितिज पट्टीने मारल्यासारखं सरळ असतं, म्हणून त्याला ते साधलं. फुटाळ्याला पलीकडे झाडांची रांग आहे आणि माझ्या चौकटीत वरून एक बाभळीची फांदी आली होती. बाभळीचा पाला म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. जोडायला यापेक्षा वैताग आणणारी कड मला माहीत नाही.

जोडायला मी जिंप हे फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरतो. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, १९९६ मध्ये लोकांपुढे आलेलं, तेव्हापासून फुकट. बराच काळ त्याची अडचण अशी होती की ते प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांतच काम करायचं, त्यामुळे आभाळासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उठायचे. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ते दुखणं गेलं. तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला आणि काम १६ बिटमध्ये करा. रॉ फाइल जिंप स्वतः उघडत नाही. ती डार्कटेबल किंवा रॉथेरपीत उघडून १६ बिटची टिफ काढायची, हीही दोन्ही फुकटच. तिथे तिन्ही फोटोंना व्हाइट बॅलन्स अगदी एकच द्या, नाहीतर पुढे कितीही कौशल्य दाखवलं तरी आभाळ एका गावचं आणि जमीन दुसऱ्या गावची दिसते.

जिंपमध्ये फाइल मेनूतून 'ओपन अ‍ॅज लेयर्स' केलं की फोटो पत्त्यांसारखे एकावर एक बसतात. मी खाली काळपट ठेवतो, १/५०० चा, ज्यात आभाळ छान आहे. वर उजळ, १/३० चा, ज्यात काठ छान आहे. या घडीला फक्त वरचा दिसतो. त्याला आभाळाच्या जागी भोकं पाडायची आहेत, पण कात्री न लावता.

यासाठी असतो मास्क. घर रंगवताना रंगारी दाराच्या चौकटीवर कागद चिकटवतो आणि मग बिनधास्त ब्रश फिरवतो. कागद आहे तिथे रंग पोचत नाही. मास्क म्हणजे तो कागद. वरच्या लेयरला चिकटवलेलं एक काळं-पांढरं चित्र: पांढरं तिथे वरचा फोटो दिसतो, काळं तिथे तो लपतो आणि खालचा डोकावतो. रंगाऱ्याच्या कागदाला नसलेली एक खुबी याच्यात आहे, ती म्हणजे राखाडी. राखाडी तिथे दोन्ही फोटो त्या त्या प्रमाणात मिसळतात. अख्खी विद्या या एका वाक्यात आली. बाकीचे सगळे व्हिडिओ हा मास्क कसा रंगवायचा याचे आहेत.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे ग्रेडियंट, वरून काळं, खालून पांढरं, मध्ये हळूहळू बदल. ल ग्रेच्या समुद्राला ही चालेल. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या माळरानालाही चालेल. झाडं आली की फसते, कारण झाडांचे शेंडे आभाळाच्या हद्दीत उभे असतात आणि विनाकारण काळे होतात. हाताने ब्रश घेऊन बाभळीचं पान न् पान रंगवणं हा दुसरा मार्ग. तोही मी एकदा केला आहे. पुन्हा करणार नाही.

तिसरी रीत मात्र गमतीची आहे. फोटोलाच त्याचा मास्क बनू द्यायचा. वरच्या उजळ लेयरवर उजवी क्लिक करून 'अ‍ॅड लेयर मास्क' घ्या, त्यात 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' निवडा आणि खालच्या 'इन्व्हर्ट मास्क' वर खूण करा. म्हणजे काय झालं? त्या फोटोचीच काळी-पांढरी प्रत उलटी होऊन मास्क बनली. जळून पांढरं झालेलं आभाळ मास्कमध्ये काळं झालं, म्हणून लपलं. गडद पाला मास्कमध्ये पांढरा झाला, म्हणून राहिला. पानापानांमधल्या फटींतलं आभाळसुद्धा आपोआप निवडलं गेलं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरात एक चक्कर मारून आलो.

पण इथे थांबलात तर चित्र बेचव दिसेल, मीठ विसरलेल्या वरणासारखं. कारण दगडाचा उजळ भागही मास्कमध्ये थोडा राखाडी झाला, तिथे काळपट फोटो मिसळला, आणि दगडाच्या उजळ-गडद भागांतला फरक मेला. दगड दगड वाटत नाही. मग मास्कवर क्लिक करून लेव्हल्स उघडायचं आणि दोन्ही टोकं आत ढकलायची, म्हणजे राखाडीतलं बरंच काही काळ्या किंवा पांढऱ्या बाजूला जातं. (क्लिक मास्कच्या चौकोनावरच झाली ना, ते बघा. फोटोच्या चौकोनावर झाली तर फोटोच बिघडवत बसाल. ही चूक सगळे करतात, दहा वर्षांनंतरही करतात.) काठाचा खालचा भाग तर मी सरळ पांढऱ्या ब्रशने भरून टाकतो, तिथे भेसळ नकोच.

लेव्हल्स जोरात ओढल्या की कड करवतीसारखी होते, म्हणून मास्क थोडा पुसट करायचा, गॉशियन ब्लरने. आणि इथेच खरी कसोटी आहे. कमी ब्लर दिला तर कडेला कापल्याची खूण दिसते. जास्त दिला तर मास्कचा पांढरा रंग झाडाबाहेर आभाळात सांडतो, तिथे उजळ फोटोतलं जळकं आभाळ डोकावतं, आणि झाडाभोवती उजेडाचं वेटोळं पडतं. याला हेलो म्हणतात. माझा या तऱ्हेचा पहिला फोटो मी मोठ्या कौतुकाने मित्राला पाठवला तेव्हा त्याचं उत्तर आलं होतं, "झाडामागे ट्यूबलाइट लावून राहिला का बे?"

तेव्हापासून मी ब्लर चार-पाच पिक्सेलच्या वर नेत नाही, आणि फोटो शंभर टक्के मोठा करून कडेकडेने डोळा फिरवतो, गादीतले ढेकूण शोधल्यासारखा. वेटोळं दिसलं तर तिथे मास्कवर काळ्या ब्रशने, अपारदर्शकता वीस टक्क्यांवर ठेवून, आभाळाच्या बाजूने हलके हात. मास्क स्वतः कसा दिसतो हेही 'शो लेयर मास्क' करून बघत जा. चांगला मास्क एखाद्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हसारखा दिसतो, आणि डाग तिथे पटकन सापडतात.

वारा असेल तर फांदी तिन्ही फोटोंत तीन जागी असते. जोडल्यावर पानांची भुतं दिसतात. त्याला जादू नाही. ती फांदी अख्खी एकाच फोटोतून घ्या, मग ती थोडी काळी आली तरी चालेल. संध्याकाळच्या आभाळासमोर बाभूळ काळीच असते, ती हिरवीगार दाखवण्याचा हट्ट कशाला? पाण्याचंही तेच. १/५०० मध्ये लाटा गोठलेल्या, १/३० मध्ये पुसट, दोन्ही मिसळलं की ताक. पाणी एकाच फोटोतून.

मे महिन्यात वेगळाच त्रास. ४५ अंशांनी तापलेली जमीन सूर्य बुडाल्यावरही वाफाळत असते, दूरच्या झाडांची कड हवेत थरथरते आणि कॅमेरा जराही न हलता फोटो एकमेकांवर बसत नाहीत. मे महिन्यात मी हा उद्योग करत नाही, रसवंतीत बसतो.

हाताने धरून काढलेले फोटो थोडे सरकलेले असतील तर ह्यूगिन या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यांना एकावर एक बसवायची सोय आहे. आणि मास्कचा एवढा खटाटोप नकोच असेल, तर ह्यूगिनच्या जोडीने चालणारं एनफ्यूज आहे. त्याला तीन फोटो द्यायचे, ते एक परत देतं. आत काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ या तिघांनी ही रीत मांडली: प्रत्येक ठिपक्यापाशी प्रत्येक फोटोला गुण द्यायचे. उजेड मधल्या पातळीच्या किती जवळ आहे, रंग किती भरलेला आहे, बारकावा किती आहे. ज्याला गुण जास्त त्याचा वाटा जास्त. म्हणजे मास्कच, पण हिशोबाने रंगवलेला. एनफ्यूज मूळ सेटिंगमध्ये भर देतं तो उजेडावर, रंगाला थोडं वजन, आणि बारकाव्याला शून्य. ते वजन आपल्याला बदलता येतं.

नुसत्या गुणांनी जोडलं तर शिवण दिसेल. ती लपवायची युक्ती त्याहून जुनी, १९८३ ची, बर्ट आणि एडेल्सन यांची. चित्राचे थर करायचे: एका थरात मोठे, सावकाश बदलणारे उजेड-अंधार, दुसऱ्यात मध्यम, शेवटच्यात पानांच्या शिरांसारखे बारीक तपशील. मोठ्या बदलांचा थर रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायचा, बारीक तपशिलांचा अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे थर परत एक करायचे. ब्लर किती द्यायचा, चार पिक्सेल की चाळीस, या माझ्या वरच्या भांडणाचं हे उत्तर आहे: दोन्ही, पण वेगवेगळ्या थरांना. त्यांनी नमुना म्हणून जोडलेलं चित्र होतं अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं, सांधा शोधूनही सापडणार नाही असं. नागपूरकराने ही युक्ती विसरायला काही कारण उरत नाही.

मग मास्क कशाला शिकायचे? कारण एनफ्यूजला सगळंच मधल्या उजेडात आणायची सवय आहे. संध्याकाळ त्याला कळत नाही. दगडांच्या सांदीत अंधार असायलाच हवा असतो, तो ते उजळून देतं. मी घाईत असलो की एनफ्यूज, आणि फोटो भिंतीवर लावायचा असला की मास्क.

एक गोष्ट मात्र दोन्ही रीतींत चुकते आणि फोटो खोटा पाडते. पाण्यातलं प्रतिबिंब आभाळापेक्षा उजळ कधीच नसतं, कारण पाणी पडलेल्या प्रकाशातला काहीच भाग परत पाठवतं. पायाजवळच्या पाण्यात तर आणखी कमी, तिथे तळ दिसतो. आपण पाणी उजळ फोटोतून घेतो, आभाळ काळपट फोटोतून, आणि तलाव आभाळापेक्षा लखलखीत होऊन बसतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला लगेच कळतं. म्हणून पाण्यावर मास्क पूर्ण पांढरा न ठेवता राखाडीकडे आणायचा, प्रतिबिंब आभाळाहून जरासं मंद होईपर्यंत.

जाणकार म्हणतात तीन, पाच, सात फोटो काढा. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा टोकाचे दोनच लागतात आणि मधला नुसता हार्ड डिस्कवर झोपून राहतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा फुटाळ्यावर गेलो तेव्हा तयार फोटो मोबाइलवर दादांना दाखवला. डाव्या कोपऱ्यात त्यांची शेगडीही आली होती. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आभाळाकडे न बघता थेट कोपऱ्यात.

"आभाळ झकास. पण हे निखारे पांढरे काहून? चुना भरला का शेगडीत?"

बरोबर होतं. काठ भरताना मी पांढरा ब्रश शेगडीवरूनही फिरवला होता. त्यामुळे निखारे १/३० च्या फोटोतून आले होते, जळालेले, कोरे. घरी येऊन फाइल उघडली. मास्कमध्ये तेवढ्या जागी काळं करून पाहिलं तर १/५०० चे निखारे दिसले, पण विझत आलेले, राखेचे. मग मधला, १/१२५ चा फोटो काढला, सगळ्यात वर ठेवला, त्याला पूर्ण काळा मास्क लावला आणि लहानशा पांढऱ्या ब्रशने फक्त शेगडीवर हात फिरवला. निखारे लाल झाले.